सॅप अबॅप कॉन्ट्रॅक्टिंग : सध्या रेट काय चाललाय आणि काम किती वर्षं राहणार?

चाकणकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका सर्व्हिस कंपनीत सॅप अबॅपवर आहे (सॅप म्हणजे कंपन्यांचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर, अबॅप ही त्यातली प्रोग्रॅमिंग भाषा), ९ वर्षं झाली. आधी सपोर्ट, मग रोलआउट, आणि गेली दोनेक वर्षं एस/४ हाना कन्व्हर्जन, म्हणजे जुन्या सॅपमधून (ईसीसी) नव्या एस/४ मध्ये नेणं. सीटीसी १९ लाख. आता एका व्हेंडरकडून कॉन्ट्रॅक्टची विचारणा आलीये, दिवसाला ९,००० रुपये, सहा महिन्यांचं काम, पुढे वाढेल असं तोंडी सांगतायत, एंड क्लायंट युरोपातली मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, आठवड्यात दोन दिवस हिंजवडी बाकी घरून.

घरी सगळ्यांचं म्हणणं की हातातली कायमची नोकरी कशाला सोडतोस, होम लोन चालू आहे, मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. ओळखीतले दोघं-तिघं कॉन्ट्रॅक्टवर गेलेत आणि बरं चाललंय म्हणतात पण नेमका आकडा कोणी सांगत नाही, आपल्याकडे पगाराबद्दल बोलायचा संकोच फार. म्हणून इथे विचारतोय. ९,००० हा रेट ठीक आहे का? वर्षाचा हिशोब नोकरीशी कसा जोडायचा? आणि सॅप जुन्या ईसीसीचं नेहमीचं मेंटेनन्स २०२७ अखेर थांबवणार म्हणून सगळे २०२७, २०२७ करतायत, त्यानंतर अबॅपवाल्यांना काम राहील का? जे स्वतः करतायत त्यांनी सांगितलं तर फार बरं होईल.

जुनाजाणता

चाकणकर, आधी वर्षाचा हिशोब करू कारण ९,००० गुणिले ३० असं डोक्यात धरून बरेच जण उडी मारतात. वर्षाचे ३६५, शनिवार-रविवार १०४ गेले, राहिले २६१. सणावाराच्या १० सुट्ट्या, त्यांचे पैसे नाहीत, २५१. तुमची आजारपणं, लग्नकार्यं, गणपतीत गावी जाणं वगैरे मिळून २० दिवस धरा. म्हणजे बिल होणारे दिवस साधारण २३०. ९,००० ने २० लाख ७० हजार. हे सगळं वर्ष सलग काम मिळालं तर. सहा महिन्यांनी काम संपलं आणि दुसरं मिळायला दोन महिने गेले की ४२ दिवस आणखी कमी, १८८ दिवस, १६ लाख ९२ हजार. दोन महिने गॅप ही काही अपवादाची गोष्ट नाही, डिसेंबर-जानेवारीत क्लायंटकडचं बजेट मंजूर होईपर्यंत नवीन माणूस कोणी घेत नाही.

याच्यासमोर तुमचे १९ लाख ठेवा. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा आहे, ग्रॅच्युइटी आहे, घरातल्या सगळ्यांचा मेडिक्लेम आहे, पगारी रजा आहे. कॉन्ट्रॅक्टमध्ये यातलं काहीच नाही. म्हणून ९ वर्षांच्या अनुभवाला आणि तेही कन्व्हर्जन केलेल्या माणसाला ९,००० मला कमी वाटतोय. माझ्या ओळखीत तुमच्याइतक्या अनुभवाची माणसं १०,५०० ते १२,००० वर काम करतायत, पण त्यांच्या हातात नुसतं जुनं रिपोर्ट-स्मार्टफॉर्म (छापील फॉर्म) नाही, नव्या अबॅपमधलं सीडीएस व्ह्यू (डेटा मॉडेल), ओडेटा (बाहेरच्या ॲपला डेटा देणारी सर्व्हिस), रॅप (ॲप लिहायची नवीन पद्धत) हे सगळं आहे. तुमच्याकडे यातलं काय आहे ते सांगा, मग नीट बोलता येईल.

मृण्मयी_नाशिक

मी गेली काही वर्षं नाशिकहून रिमोट कॉन्ट्रॅक्टवर आहे. मुलाच्या वेळी नोकरी सोडली होती, परत यायचं ठरवलं तेव्हा फुलटाइमच्या प्रत्येक इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न गॅपचा. कॉन्ट्रॅक्टवाल्यांनी विचारलं ते एवढंच की कन्व्हर्जन केलंय का आणि सोमवारपासून येता येईल का. तेव्हा ज्या बायका ब्रेकनंतर परत यायचं बघतायत त्यांनी हा रस्ता जरूर बघावा, मनापासून सांगते.

कामाच्या मागणीचं म्हणाल तर मला त्यात सरळ दोन भाग दिसतात. एक जुना अबॅप. एसई३८ (सॅपमधला जुना एडिटर) मध्ये रिपोर्ट, एएलव्ही, स्मार्टफॉर्म, बीडीसी, युजर एक्झिट असली जुन्या धाटणीची कामं. याची माणसं भरपूर आहेत आणि व्हेंडर त्यात घासाघीस करतो. दुसरा नवीन अबॅप, एक्लिप्समध्ये एडीटी (अबॅप लिहायचं नवीन टूल), सीडीएस, रॅप, फिओरी एलिमेंट्स (वेबवरचे स्क्रीन), बीटीपीवरचं (सॅपचा क्लाउड प्लॅटफॉर्म) काम. याला माणूस मिळत नाही म्हणून लोक फोन करत राहतात. पण एक गोष्ट मधली आहे जी जाहिरातीत लिहिलेली नसते, ती म्हणजे जुनं वाचून नव्यात नेता येणं. नुसतं नवीन शिकलेल्याला वीस वर्षांपूर्वीचा झेड प्रोग्रॅम (कंपनीने स्वतःपुरता लिहून घेतलेला) वाचता येत नाही, जुन्याला नवीन लिहिता येत नाही. चाकणकर, तुम्ही कन्व्हर्जन केलंय म्हणजे या मधल्या जागेत आहात, तिथेच रेट मागा.

चाकणकर

जुनाजाणता, खूप आभार, हा २३० दिवसांचा हिशोब मी केलाच नव्हता. माझ्याकडे सीडीएस आणि ओडेटा आहे, रॅप फक्त एका छोट्या ॲपपुरतं. कन्व्हर्जनमध्ये एटीसीचे (कोड तपासणारं टूल) फाइंडिंग काढणं, कस्टम कोड दुरुस्त करणं, एसपीडीडी-एसपीएयू (स्टँडर्डमधले आपले बदल जुळवून घेणं), दोन मॉक रन (रंगीत तालीम) आणि गो-लाइव्हनंतरचं हायपरकेअर (सुरुवातीची जादा देखरेख) हे सगळं केलंय.

अजून एक. हा व्हेंडर थेट क्लायंटचा नाही. क्लायंट, मग मोठी इंटिग्रेटर कंपनी (अख्खा प्रोजेक्ट घेणारी), मग तिचा व्हेंडर, आणि मला फोन केला तो त्याच्याही खालचा. याने किती फरक पडतो?

जुनाजाणता

सगळा फरक त्यानेच पडतो हो. मधल्या प्रत्येक माणसाचा वाटा तुमच्या रेटमधून जातो, क्लायंट काही जास्त देत नाही. मी स्वतः एकाच कामासाठी एकाच आठवड्यात तीन व्हेंडरचे फोन घेतलेत, जॉब डिस्क्रिप्शन शब्द न शब्द तेच, आणि सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्याच्या रेटमध्ये दिवसाला अडीच हजारांचं अंतर. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायचा, तुमची पीओ (कामाची ऑर्डर) कोणाकडून आहे, क्लायंटकडून की इंटिग्रेटरकडून. जो सांगायला टाळाटाळ करतो तो खालच्या पायरीवरचा समजा. आणि सीव्ही पाठवायची परवानगी ईमेलवर एकालाच द्यायची, तीसुद्धा रेट ठरल्यावर, कारण दोघांकडून एकच सीव्ही गेला की इंटिग्रेटर बऱ्याचदा दोन्ही बाद करतो.

करारात एक ओळ नक्की शोधा, "क्लायंटकडून पैसे आल्यानंतर" पेमेंट होईल अशी. ती असेल तर काढायला लावा किंवा इन्व्हॉइसपासून ३० दिवस असं लिहून घ्या. तुमचं काम तुम्ही केलंत, वरच्याने वेळेवर दिले नाहीत तर त्याचा भार तुमच्यावर का?

टेम्सकाठी

इंग्लंडमधून लिहितोय, स्लाऊला राहतो. इथे अबॅपचा डे रेट मी पाहतो तो साधारण ४५० ते ५५० पौंडांच्या आसपास, रॅप-बीटीपी असेल तर वर. पण पुण्यातून बघणाऱ्यांनी हे सरळ रुपयात गुणू नये. एप्रिल २०२१ पासून खासगी क्षेत्रातही आयआर३५ या कर नियमाची जबाबदारी मोठ्या आणि मध्यम क्लायंटवर आली, तुम्ही खरे स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टर की लपलेले नोकरदार हे तेच ठरवतात, आणि धोका नको म्हणून बरीच कामं सरसकट इनसाइड (नियमाच्या आत, म्हणजे नोकरदार) दाखवली जातात. इनसाइड म्हणजे अंब्रेला कंपनीमार्फत (कॉन्ट्रॅक्टरला पेरोलवर घेणारी मधली कंपनी) पगार, आणि मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेची वर्गणी), जो एप्रिल २०२५ पासून १५ टक्के आहे, तोसुद्धा तुमच्याच डे रेटमधून वजा होतो. त्यावर तुमचा स्वतःचा इन्कम टॅक्स आणि इन्शुरन्स वेगळा. म्हणजे इनसाइडचे ५५० हे आउटसाइडच्या ४५० पेक्षा कमीच पडतात बऱ्याचदा. इथे येणाऱ्या आपल्या मुलांनी रेट ऐकल्याबरोबर आधी विचारावं, इनसाइड की आउटसाइड.

आणि मागणी आहे, पण ऑफशोअर जितकं पुण्या-बंगळुरूला जातं तितकं इथे कमी होतं. इथे राहतं ते क्लायंटच्या समोर बसून बोलायचं काम. नुसतं कोडिंग इथे कोणी डे रेटने घेत नाही आता.

अपर्णा_कर

मी सीए आहे, बरेच आयटीवाले क्लायंट आहेत, म्हणून टॅक्सचं थोडं सविस्तर लिहिते. २०२५-२६ या वर्षाचा हिशोब धरलाय.

नोकरीत १९ लाख सीटीसी म्हणजे पीएफचा मालकाचा वाटा वगैरे काढून आणि ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन जाऊन करपात्र १७ लाखांच्या आसपास. नवीन करप्रणालीत त्यावर सेस धरून साधारण १ लाख ४५ हजार कर. कॉन्ट्रॅक्टरला कलम ४४एडीए लागू होऊ शकतं, त्यात मिळालेल्या एकूण फीच्या किमान ५० टक्के उत्पन्न दाखवायचं, हिशोबाच्या वह्या ठेवायची सक्ती नाही. मर्यादा ५० लाख, आणि रोखीतली जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. जुनाजाणता यांचे २० लाख ७० हजार धरले तर निम्मे १० लाख ३५ हजार, नवीन करप्रणालीत १२ लाखांपर्यंत रिबेट असल्याने कर शून्य. व्हेंडर १० टक्के टीडीएस कापेल तो रिटर्न भरल्यावर परत. हा फरक मोठा आहे आणि तो माहीत असावा. ॲडव्हान्स टॅक्स लागत असेल तर या कलमाखाली तो एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ५० टक्के हा किमान आकडा आहे, तुमचा खर्च खरंच नगण्य असेल तर जास्त उत्पन्न दाखवणं बरोबर. दोन, एकाच कंपनीत, तिच्याच लॅपटॉपवर, तिच्याच वेळेत, तिच्याच मॅनेजरच्या हाताखाली काम असेल आणि करारात रजा-नोटीस सगळं नोकरीसारखंच लिहिलं असेल तर ते पगारच आहे असा प्रश्न खात्याकडून येऊ शकतो. करार प्रोफेशनल सर्व्हिसेसचा हवा.

जीएसटी : वर्षाची फी २० लाखांच्या वर गेली की नोंदणी घ्यावी लागते आणि १८ टक्के लावावा लागतो. तुमचा आकडा नेमका या रेषेवर आहे, म्हणून करारात "रेट अधिक जीएसटी" असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर ते १८ टक्के तुमच्या ९,००० मधूनच जातील. आणि क्लायंट युरोपातला आहे म्हणून ही निर्यात होत नाही, तुमचं बिल भारतातल्या व्हेंडरला आहे. थेट परदेशी कंपनीला बिल केलं आणि परकीय चलनात पैसे आले तर निर्यात, तिथे एलयूटी (हमीपत्र) भरून कर न लावता बिल करता येतं.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू, त्यात कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे २०२६-२७ पासून ४४एडीए या नावाने शोधू नका.

चाकणकर

अपर्णाताई, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून धन्यवाद. कर शून्य होऊ शकतो हे वाचून एकदम वाटलं की सोडावी नोकरी. पण होम लोनचं काय? पुढे मोठं घर घ्यायचं डोक्यात आहे.

अपर्णा_कर

तिथे उलटं होतं. तुम्ही १० लाख ३५ हजार उत्पन्न दाखवलं की बँक तुमची पात्रता त्याच आकड्यावर काढते, आणि स्वतंत्र व्यावसायिकाला दोन ते तीन वर्षांचे रिटर्न मागते. तेव्हा घर बदलायचं पक्कं असेल तर नोकरीत असतानाच कर्ज मंजूर करून घ्या, नंतर कॉन्ट्रॅक्ट. मेडिक्लेमही नोकरी सोडायच्या आधी स्वतःचा घ्या, जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ तीन वर्षांपर्यंत असतो तो जितका लवकर सुरू होईल तितकं चांगलं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटीही नाही. कंपनीची ग्रुप पॉलिसी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळते का तेही एचआरला विचारा.

बाणेरचा_रोहन

मी थोडं वेगळं मत मांडतो. पुण्यात परदेशी कंपन्यांची स्वतःची सेंटर, ज्याला जीसीसी म्हणतात, ती वाढतायत आणि त्यांना सॅपची माणसं पेरोलवर हवी आहेत. कन्व्हर्जन केलेल्या ९ वर्षांच्या माणसाला तिथे १९ वरून २६-२८ मिळणं माझ्या डोळ्यांसमोर झालंय. मग ९,००० च्या कॉन्ट्रॅक्टसाठी धडपड कशाला? सर्व्हिस कंपनीतला पगार आणि कॉन्ट्रॅक्ट यांची तुलना करताय, पण तिसरा पर्याय बघितलाच नाही. सलग दोन वर्षं एकाच क्लायंटच्या सिस्टीमवर राहिलं की त्यांचं बिझनेस समजतं, तीच गोष्ट पुढे विकली जाते. सहा-सहा महिन्यांनी बदलत राहिलं की तुम्ही कायम बाहेरचे.

मृण्मयी_नाशिक

रोहन, पुण्यात राहणाऱ्याला हे पटतं. नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगरला राहणाऱ्याला जीसीसी आठवड्याला तीन दिवस ऑफिसला बोलावतं, तिथे प्रश्न संपतो. माझ्यासाठी कॉन्ट्रॅक्ट म्हणजे घर न सोडता करता येणारं काम, आणि त्यासाठी मी थोडा कमी रेटही घेते. ज्याचं त्याचं वेगळं.

पण बिझनेस समजण्याबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं, आणि रेट त्याचाच मिळतो. एक उदाहरण देते, कन्व्हर्जनवाल्यांना लगेच कळेल. ईसीसीमध्ये मटेरियल नंबर १८ अक्षरांचा, एस/४ मध्ये ४० चा. एका क्लायंटकडे रोज रात्री गोडाऊनच्या सिस्टीमला फिक्स्ड लेंग्थची (प्रत्येक फील्डची जागा ठरलेली) फाइल जायची, झेड प्रोग्रॅम कोणीतरी फार पूर्वी लिहिलेला, स्ट्रक्चर अख्खं उचलून फाइलमध्ये टाकलेलं. नव्या सिस्टीमवर प्रोग्रॅम चालला, डंप नाही, एरर नाही, फाइल गेली. पण मटेरियलच्या पुढची सगळी फील्ड २२ जागा सरकली, आणि पलीकडची सिस्टीम जिथे नग वाचायची तिथे तिला मटेरियल नंबरनंतरच्या रिकाम्या जागा मिळाल्या. म्हणजे डिस्पॅचला शून्य नग. मॉक रनमध्ये गोडाऊनच्या माणसाला सोबत बसवलं होतं म्हणून सापडलं, गो-लाइव्हला सापडलं असतं तर ट्रक गेटवर उभे राहिले असते. कोडची दुरुस्ती तासाभराची. पण ही फाइल कोण वाचतं, तिथे चुकलं तर काय थांबतं, हे विचारायचं सुचणं याचे पैसे आहेत.

तसंच ते ऑर्डर बाय, म्हणजे रेकॉर्ड कुठल्या क्रमाने हवेत ते सांगणं. जुन्या डेटाबेसवर सिलेक्ट केलं की रेकॉर्ड बहुतेक वेळा की प्रमाणे लागून यायचे, कोणी सॉर्ट लिहायचंच नाही आणि खाली बायनरी सर्च (क्रम लागलेल्या यादीतच चालणारा शोध) लावायचं. हानावर (एस/४ चा डेटाबेस) तसा क्रम मिळेल याची खात्री नाही, त्यामुळे कधी बरोबर रेकॉर्ड सापडतो कधी नाही. एटीसी दाखवतं हे, पण फाइंडिंग हजारांनी असतात, त्यातलं आधी कुठलं घ्यायचं हे टूल सांगत नाही.

नवोदित_२४

मी यंदा मेकॅनिकल डिप्लोमा झालोय, साताऱ्याचा आहे. पुण्यात एक क्लास अबॅपसाठी ८० हजार मागतोय आणि म्हणतायत तीन वर्षांचा एक्स्पिरियन्स "अरेंज" करून देतो, मग कॉन्ट्रॅक्टवर लगेच लागशील. दादा-ताई, असं करतात का खरंच? घरून पैसे कर्ज काढून द्यावे लागतील.

जुनाजाणता

नाही. मित्रा, अजिबात नाही, एक रुपयाही देऊ नकोस. खोटा अनुभव आता लपत नाही, तुझ्या यूएएनवर कोणत्या कंपनीने किती महिने पीएफ भरला हे व्हेरिफिकेशनवाले बघतात, फॉर्म २६एएस (कापलेल्या टीडीएसची नोंद) मागतात. नोकरी लागल्यानंतर सहा महिन्यांनी पकडलेली मुलं मी पाहिलीयेत, त्याच दिवशी लॅपटॉप काढून घेतात आणि नाव काळ्या यादीत. ज्याने ८० हजार घेतले तो तेव्हा फोन उचलत नाही.

आणि दुसरी बाजू सांगतो. कॉन्ट्रॅक्टवर घेतलेल्या माणसाला कोणी शिकवत नाही, पहिल्या आठवड्यात डीबगर उघडून उत्तर द्यावं लागतं. तू फ्रेशर म्हणून पेरोलवरच सुरुवात कर, भोसरी-चाकणला सॅप वापरणाऱ्या कितीतरी कंपन्या आहेत, त्यांच्याकडे स्टोअर्स किंवा प्रॉडक्शन प्लॅनिंगला लागलास तरी एमएम-पीपी (सॅपचे मटेरियल आणि प्रॉडक्शनचे भाग) कसं चालतं हे स्क्रीनवर रोज बघशील. मेकॅनिकलचा माणूस बीओएम (लागणाऱ्या पार्टची यादी) आणि राउटिंग (बनवायच्या पायऱ्या) समजून अबॅप लिहितो तेव्हा त्याला कॉम्प्युटर इंजिनियरपेक्षा लवकर कळतं, हे मी मनापासून सांगतोय.

चाकणकर

२०२७ बद्दल कोणी लिहिलं नाही अजून.

जुनाजाणता

लिहितो. ईसीसी म्हणजे ईआरपी ६.० चं नेहमीचं मेंटेनन्स २०२७ अखेरपर्यंत, तेही एन्हान्समेंट पॅक ६ ते ८ वाल्यांना, त्याआधीच्या पॅकवाल्यांची मुदत २०२५ अखेरीची होती. २०२७ नंतर जादा पैसे भरून २०३० पर्यंत. मूळ तारीख २०२५ होती, फेब्रुवारी २०२० मध्ये सॅपने ती पुढे ढकलली. एस/४ ची हमी २०४० पर्यंत आहे. म्हणजे काय, तर २०२७ ला दिवे बंद होणार नाहीत. ज्या मोठ्या कंपन्या अजून हलल्याच नाहीत त्यांचं कन्व्हर्जन २०३० पर्यंत चालेल आणि त्या काळात कन्व्हर्जनवाल्यांना काम भरपूर. त्यानंतर मात्र नुसतं "ईसीसीतून एस/४ ला नेणारा" एवढीच ओळख असेल तर काम आटेल.

कारण कन्व्हर्जन झालं की क्लायंट क्लीन कोअर मागतो. झेड प्रोग्रॅम कमी करा, स्टँडर्डमध्ये हात घालू नका, रिलीज केलेल्या एपीआयच वापरा, वेगळं काही हवं असेल तर बीटीपीवर. पब्लिक क्लाउडमध्ये तर जुना अबॅप चालतच नाही. माझ्या अंदाजाने कस्टम कोडचं एकूण प्रमाण घटणार आणि जे राहील ते रॅपमध्ये असणार. म्हणून २०३० च्या आत ते शिकून घ्यायचं, क्लायंटच्या पैशाने शिकता आलं तर उत्तमच.

बाणेरचा_रोहन

आणि एआय? सॅपचं जूल आता अबॅपचा कोड लिहून देतं, जुना कोड समजावून सांगतं. आमच्याकडे ज्या डेव्हलपमेंटला पाच दिवसांचा एस्टिमेट द्यायचो त्याला क्लायंट आता तीन म्हणतो. दिवसावर बिल करणाऱ्यांचे दिवस कमी होणार ना मग?

मृण्मयी_नाशिक

होतायत, माझ्याकडेही झालेत. सीडीएस व्ह्यू, युनिट टेस्ट, टेक्निकल स्पेक असली कामं लवकर उरकतात. ज्युनियरना घ्यायचं प्रमाण त्यामुळे घटतंय आणि त्याची मला खरंच काळजी वाटते, कारण ती साधी कामं करूनच आम्ही शिकलो. पण गोडाऊनवाल्याला सोबत बसवायचं काम जूल करत नाही. मी आता नवीन कामात दिवसाचा रेट घेते आणि एस्टिमेटमध्ये टेस्टिंग आणि कटओव्हर (नव्या सिस्टीमवर प्रत्यक्ष जाणं) वेगळं लिहिते, कोडिंगचे दिवस कमी झाले तरी ते कमी होत नाहीत. कटओव्हरच्या शनिवार-रविवारचा रेट दीडपट, हे आधीच लिहून घ्यायचं, मागाहून कोणी देत नाही.

एडिसनची_स्मिता

न्यू जर्सीहून. इथल्यांसाठी थोडक्यात. एच-१बी वर असाल तर स्वतःच्या नावाने १०९९ (स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टर) किंवा कॉर्प-टू-कॉर्प (स्वतःच्या कंपनीमार्फत) करता येत नाही, ज्या कंपनीने व्हिसा काढला तिच्याच पेरोलवर डब्ल्यू२ (पगारदार). क्लायंट तिला तासाला किती देतो हे तुम्हाला सांगितलंही जात नाही बऱ्याचदा. मी एच-४ ईएडी (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचं वर्क परमिट) वर आहे, नवऱ्याची आय-१४० (ग्रीन कार्डची एक पायरी) मंजूर झालेली, त्यामुळे मला स्वतःची एलएलसी काढून काम करता येतं, आणि त्याच प्रकारच्या कामाला मला मधला एक थर कमी झाल्याने स्पष्ट जास्त मिळतं. पण ईएडी रिन्यूअल लांबलं की काम थांबवावं लागतं, ती टांगती तलवार कायम. पुण्यातल्यांना हे सांगायचं की मधले थर इथेही तेवढेच आहेत, फक्त डॉलरमध्ये.

पिंपरीकर_विशाल

पेमेंटबद्दल माझा अनुभव. मागे एका व्हेंडरने तीन महिन्यांची इन्व्हॉइस अडवून ठेवली, रोज नवीन कारण, वरून पैसे आले नाहीत, अकाउंट्सवाला सुट्टीवर, पोर्टल बंद. माझी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आधीपासून होती आणि प्रत्येक इन्व्हॉइसवर नंबर छापलेला होता. एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाला करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला की बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आणि आयकरात ४३बी(एच) आल्यापासून मुदत उलटलेले पैसे ३१ मार्चपर्यंत न देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च वजाच करता येत नाही. मी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या फायनान्सच्या साहेबांना शांतपणे हे सगळं कलमांसकट मेल केलं, सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार करणार हेही लिहिलं. ३१ मार्चच्या आत सगळे पैसे आले.

उद्यम नोंदणी आधारवर होते, फुकट आहे, कोणा एजंटला पैसे देऊ नका. पण काम सुरू करायच्या आधी करा.

चाकणकर

विशाल, हे तर आजच करतो.

अपडेट : व्हेंडरला विचारलं पीओ कोणाकडून, आधी गोल गोल बोलला, मग कबूल केलं की मध्ये अजून एक आहे. मी त्या वरच्या व्हेंडरची जाहिरात शोधली, तिथे थेट बोललो, सीव्ही अजून कोणालाच पाठवायची परवानगी दिली नव्हती त्यामुळे अडचण नाही. ते ११,००० अधिक जीएसटी म्हणतायत, कटओव्हर वीकेंड दीडपट मान्य. पण करारात दोन कलमं खटकतायत. एक, मी सोडलं तर ६० दिवसांची नोटीस, त्यांनी काढलं तर ७. दुसरं, त्यांच्या कुठल्याही क्लायंटकडे दोन वर्षं काम करायचं नाही. रोहन म्हणतो त्याप्रमाणे जीसीसीत दोन ठिकाणी अर्जही टाकलेत, एक इंटरव्ह्यू पुढच्या गुरुवारी.

जुनाजाणता

११,००० आता पटण्यासारखा आकडा आहे. २३० दिवसांचे २५ लाख ३० हजार, दोन महिने गॅप धरली तरी १८८ दिवसांचे २० लाख ६८ हजार.

नोटीस दोन्हीकडून सारखी मागा, ३०-३०. ७ दिवसांवर सही करू नका, त्यावर तुमचा सगळा गॅपचा हिशोब अवलंबून आहे. दुसऱ्या कलमाबद्दल, भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ प्रमाणे माणसाला त्याचा व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल असतो. पण कोर्टात जाऊन ते सिद्ध करत बसायला आपल्याकडे वेळ नसतो, म्हणून आधीच बदलून घ्या : ज्या क्लायंटकडे त्यांनी मला लावलं फक्त त्या क्लायंटकडे, आणि सहा महिने. मेलवर सरळ लिहा, बहुतेक जण मान्य करतात, कारण तो मसुदा त्यांनी कुठूनतरी उचललेला असतो.

जीसीसीचा इंटरव्ह्यू मात्र देऊनच या, सही त्यानंतर.

नवोदित_२४

जुनाजाणता दादा, क्लासला नाही म्हणून सांगितलं. चाकणला एका कंपनीत स्टोअर्सला ट्रेनी म्हणून बोलावलंय, तिथे सॅप आहे. घरी संध्याकाळी अबॅप शिकायचं तर सिस्टीम कुठून मिळेल? क्लासवाले म्हणायचे सर्व्हर ॲक्सेस आमच्याकडेच मिळतो.

मृण्मयी_नाशिक

फार छान केलंस. सर्व्हरसाठी कोणाला पैसे द्यायची गरज नाही. सॅपच्या साइटवर बीटीपीचं ट्रायल अकाउंट फुकट उघडता येतं, त्यात अबॅप एन्व्हायर्नमेंट मिळतं. एक्लिप्स डाउनलोड कर, त्यात एडीटी प्लगइन टाक, ट्रायलला जोड. ट्रायलची मुदत संपते तेव्हा लिहिलेला कोड आपल्याकडे ठेवत जा, नवीन उघडता येतं. सॅपच्या लर्निंग साइटवर अबॅप क्लाउडचे मोफत कोर्स आहेत, सुरुवातीचा आधी कर आणि मग रॅपचा. तिथे एसई३८ दिसणार नाही म्हणून गोंधळू नकोस, ते जुनं तुला कंपनीच्या सिस्टीमवर दिसेलच. आणि स्टोअर्समध्ये एमआयजीओ (मालाची आवक-जावक नोंदवायचा स्क्रीन) करताना मूव्हमेंट टाइप १०१, २६१, ३११ कशाला वापरतात ते वहीत लिहून ठेव, अडलं तर इथेच विचार.